वेबजीएलचा कॉन्टेक्स्ट उडाला तर ॲप परत उभं कसं करायचं

ब्राउझरमधे थ्रीडी काहीतरी चालू असतं, युजर लॅपटॉप झाकतो, तासाभराने उघडतो आणि सीनच्या जागी नुसता रिकामा चौकोन. बटणं चालतायत, मेनू उघडतायत, कन्सोलमधे एखादी वॉर्निंग सोडली तर काही नाही, फक्त चित्र गायब. असा बग रिपोर्ट आला की बहुतेक वेळा कारण एकच असतं, वेबजीएलचा (ब्राउझरमधे ग्राफिक्स चिपवर थ्रीडी काढायची सोय) कॉन्टेक्स्ट, म्हणजे कॅनव्हासची त्या चिपशी असलेली जोडणी, गेलेला असतो आणि ॲपला त्याचा पत्ताच नसतो. रिफ्रेश केलं की सगळं ठीक दिसतं, म्हणून लोक "रिप्रोड्यूस होत नाही" लिहून तिकीट बंद करून टाकतात. होतो की रिप्रोड्यूस, पाहिजे तेव्हा होतो, ते पुढे येईलच.

आधी नेमकं काय जातं ते बघू. तुमचं जावास्क्रिप्ट जीपीयूला, म्हणजे ग्राफिक्स चिपला, थेट हात लावत नाही. क्रोमसारख्या ब्राउझरमधे पेजची प्रोसेस वेगळी असते आणि जीपीयूशी बोलणारी प्रोसेस वेगळी, आणि ती सगळ्या टॅब्समधे मिळून एकच असते. टेक्स्चर (आकारांवर चढवायची चित्रं), बफर (आकारांचे आकडे), शेडर (जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्रॅम) हे सगळं तिकडे राहतं, तुमच्या हातात असतात फक्त हँडल, म्हणजे त्यांच्याकडे बोट दाखवणारे संदर्भ. ती प्रोसेस क्रॅश झाली किंवा ड्रायव्हर रीसेट झाला की तिकडचं सगळं एका झटक्यात साफ, पण तुमचे व्हेरिएबल, ॲरे, युजरचा लॉगिन, भरलेले फॉर्म यातलं काहीच हललेलं नसतं. म्हणून ॲप जिवंत आणि चित्र मेलेलं असा विचित्र प्रकार दिसतो.

कारणं बरीच आहेत. विंडोजवर जीपीयूने एखादं काम डीफॉल्ट २ सेकंदांत सोडलं नाही तर सिस्टिम ड्रायव्हरच रीसेट करते, त्याला टीडीआर (टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी) म्हणतात, आणि गंमत म्हणजे ते जड काम तुमचं असायलाच हवं असं नाही, शेजारच्या टॅबने किंवा दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरने घोळ घातला तरी फटका तुम्हाला. ड्रायव्हर अपडेट झाला, दोन जीपीयूवाला लॅपटॉप एकावरून दुसऱ्यावर गेला, मशीन झोपेतून उठलं, मोबाइलवर ब्राउझर बॅकग्राउंडला गेला आणि सिस्टिमला मेमरी हवी होती, यातलं काहीही पुरतं. आणि एक कारण आपण स्वतः तयार करतो, एकाच पेजवर ढीगभर कॅनव्हास. डेस्कटॉप क्रोममधे एका वेळी १६ च्या वर जिवंत वेबजीएल कॉन्टेक्स्ट झाले की सगळ्यात जुना काढून टाकला जातो, कन्सोलमधे तशी वॉर्निंगही येते. प्रॉडक्ट लिस्टमधे प्रत्येक कार्डावर वेगळा थ्रीडी व्ह्यूअर टाकणाऱ्यांना हे लवकरच कळतं.

म्हणजे हे टाळता येत नाही. झाल्यावर सावरायचं कसं एवढंच आपल्या हातात आहे, आणि माझं यावर स्पष्ट मत आहे की रिकव्हरी हे शेवटी चिकटवायचं फीचर नाही, ती तुमच्या इनिट कोडची (सुरुवातीची मांडणी करणाऱ्या कोडची) रचना आहे. जीपीयूवर जे जे आहे ते कॉपी म्हणून असलं पाहिजे, मूळ माल जावास्क्रिप्टच्या बाजूला किंवा सर्व्हरवर. हे पाळलं असेल तर रिकव्हरीचा कोड पंधरा-वीस ओळींत संपतो, नसेल तर कितीही इव्हेंट हँडलर लावा, उपयोग नाही.

इव्हेंट लावायचे

दोन इव्हेंट आहेत, वेबजीएलकॉन्टेक्स्टलॉस्ट आणि वेबजीएलकॉन्टेक्स्टरिस्टोअर्ड, नावं सलग आणि सगळी स्मॉल लेटर्समधे. ते कॅनव्हास एलिमेंटवर येतात, जीएल ऑब्जेक्टवर (गेटकॉन्टेक्स्टने मिळतो तो) नाही आणि विंडोवरही नाही. वर्करमधे ऑफस्क्रीनकॅनव्हास वापरत असाल तर त्या ऑफस्क्रीनकॅनव्हासवरच, वर्करच्या आत लावायचे, मेन थ्रेडवरच्या कॅनव्हासवर लावून वाट बघत बसू नका.

लॉस्टच्या हँडलरमधली पहिली ओळ प्रिव्हेंटडिफॉल्ट. ही नसेल तर ब्राउझर समजतो की तुम्हाला कॉन्टेक्स्ट परत नकोय, आणि मग रिस्टोअर्ड कधीच येत नाही. स्पेकमधे ठरवूनच असं ठेवलंय, कारण ज्या पेजला परत सगळं लोड करता येत नाही त्याला नवा कोरा कॉन्टेक्स्ट देऊन काय फायदा. पण "रिस्टोअर्ड फायरच होत नाही" अशी तक्रार जिथे जिथे दिसते तिथे आधी ही ओळ आहे का बघा, बहुतेकदा नसते.

सांगाडा साधारण असा:

लॉस्ट आल्यावर: प्रिव्हेंटडिफॉल्ट, चालू फ्रेमची रिक्वेस्ट रद्द, "गेलाय" हा फ्लॅग ट्रू, स्क्रीनवर छोटा मेसेज, वाट बघायचा टायमर चालू.

रिस्टोअर्ड आल्यावर: टायमर बंद, सगळे कॅश रिकामे, जीपीयूचा इनिट परत, फ्लॅग फॉल्स, मेसेज काढायचा, लूप चालू.

फ्रेमची रिक्वेस्ट रद्द करणं ऐच्छिक वाटतं, कारण कॉन्टेक्स्ट गेल्यावर ड्रॉ कॉल्स तसेही गप्प बसतात, एरर फेकत नाहीत. पण लूप थांबवला नाही आणि रिस्टोअर्डमधे तुम्ही लूप चालू करणारं फंक्शन परत बोलावलंत तर आता दोन लूप शेजारी शेजारी पळतायत. ज्या ॲनिमेशनमधे दर फ्रेमला कोन थोडा थोडा वाढवलेला असतो ते दुप्पट वेगाने फिरायला लागतं, परत एकदा कॉन्टेक्स्ट गेला की तिप्पट. हा बग टेस्टरला दिसतो "लॅपटॉप उघडल्यावर मॉडेल जोरात फिरतं" म्हणून, आणि त्यावरून कॉन्टेक्स्टपर्यंत पोचायला बराच वेळ जातो. रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेमने दिलेला आयडी जपून ठेवा, लॉस्टमधे कॅन्सल करा, विषय संपला.

आणखी एक. इव्हेंट लगेच येत नाही, कॉन्टेक्स्ट खरा जातो तो क्षण आणि तुमचा हँडलर चालतो तो क्षण यात फट असते, त्या फटीत तुमचा कोड बिनधास्त चालू असतो. म्हणून महत्त्वाच्या जागी इझकॉन्टेक्स्टलॉस्ट विचारायची सवय ठेवा. प्रत्येक ड्रॉ कॉलआधी नको, फ्रेमच्या सुरुवातीला एकदा पुरे.

इनिटचे दोन तुकडे करा

इथे थोडा वेळ घालवा, खरं काम हेच आहे. सध्या तुमच्या इनिटमधे बहुधा सगळं एकत्र असेल, कॅनव्हास शोधला, माऊसचे लिसनर लावले, मॉडेल फेच केलं, शेडर कंपाइल केले, टेक्स्चर चढवलं, लूप सुरू. याचे दोन भाग करा. एक जे पेजच्या आयुष्यात एकदाच होतं: डोम, माऊस-कीबोर्डचे लिसनर, नेटवर्कवरून फाइल आणणं, पार्स करणं, सीनचा डेटा बनवणं. दुसरं जे दर कॉन्टेक्स्टला होतं: एक्स्टेन्शन (वेबजीएलच्या जादा सोयी) मागणं, शेडर आणि प्रोग्रॅम (एकत्र जोडलेले शेडर), बफर, टेक्स्चर, फ्रेमबफर (स्क्रीनऐवजी ज्यात चित्र काढतात ते), व्हर्टेक्स ॲरे, सुरुवातीचं स्टेट. दुसरा भाग एका फंक्शनमधे बंद करा, पहिल्यांदाही तेच बोलवा आणि रिस्टोअरलाही तेच. रिस्टोअरसाठी वेगळा कोड लिहिला की तो सहा महिन्यांत सडतो, कारण कोणी नवीन टेक्स्चर ॲड करताना तिकडे बघतच नाही. तोच रस्ता रोज वापरात असेल तर रोज तपासला जातो.

हे फंक्शन लिहिताना लक्षात ठेवायच्या गोष्टी. जीएल ऑब्जेक्ट तोच राहतो, गेटकॉन्टेक्स्ट परत बोलावलं तरी तोच मिळतो, त्यामुळे तो रेफरन्स बदलायची गरज नाही. पण त्यातलं सगळं स्टेट डीफॉल्टला गेलेलं असतं, ब्लेंडिंग, डेप्थ टेस्ट, क्लिअर कलर, आणि पिक्सेलस्टोअरआय (टेक्स्चर चढवताना पिक्सेल कसे वाचायचे त्या सेटिंग्ज). हे शेवटचं हमखास विसरतं. फ्लिप-वाय हा (चित्र वरखाली उलटवायचा) फ्लॅग सुरुवातीला कुठेतरी एकदा सेट केलेला असतो आणि रिस्टोअर झाल्यावर सगळी टेक्स्चर उलटी येतात. एक्स्टेन्शनसुद्धा सगळी परत मागावी लागतात, जुने एक्स्टेन्शन ऑब्जेक्ट वापरू नका. जुनी टेक्स्चर आणि बफर डिलीट करत बसायची गरज नाही, ती आधीच निकामी झालीत, डिलीट केली तर काही होत नाही, पण चुकून बाइंड केली तर एरर मिळते.

आणि तुमचे स्वतःचे कॅश! परफॉर्मन्ससाठी "सध्या कुठला प्रोग्रॅम लागलाय" हे लक्षात ठेवून तोच परत लावायचं टाळणारा कोड बऱ्याच जणांकडे असतो. नव्या कॉन्टेक्स्टमधे तो कॅश खोटं बोलतो. युनिफॉर्मच्या (शेडरला बाहेरून द्यायच्या व्हॅल्यूंच्या) लोकेशनचंही तेच, प्रोग्रॅम नवीन तर लोकेशन नवीन. रिस्टोअर्डमधे आधी कॅश रिकामे, मग बाकीचं.

डेटा कुठून परत आणायचा

मेमरी वाचवायची म्हणून लोक टेक्स्चर चढवलं की इमेज सोडून देतात, ॲरे नल करतात, इमेजबिटमॅप असेल तर क्लोज करतात. चूक नाही त्यात, २०४८ बाय २०४८ चं साधं आरजीबीए टेक्स्चर १६ एमबी, ४०९६ चं ६४ एमबी, अशी दहा-बारा असली तर रॅममधे दुसरी कॉपी ठेवणं मोबाइलवर परवडत नाही. मग मधला मार्ग: पिक्सेल ठेवू नका, ते कुठून आले ते ठेवा. प्रत्येक टेक्स्चरबरोबर त्याची यूआरएल आणि सेटिंग्ज, किंवा कॉम्प्रेस्ड ब्लॉब. रिस्टोअरच्या वेळी परत फेच करा, ब्राउझरच्या कॅशमधून बहुतेक लगेच मिळतं. तोवर त्या जागी एक पिक्सेलचं करड्या रंगाचं टेक्स्चर लावून ठेवा म्हणजे सीन लगेच दिसतो आणि हळूहळू रंग भरतो. छोटी जॉमेट्री (मॉडेलच्या आकाराचे आकडे) मात्र सरळ मेमरीत ठेवा, तिच्यासाठी एवढा खटाटोप नको. व्हिडिओ टेक्स्चर दर फ्रेमला चढतंच, त्याला काही करावं लागत नाही.

खरी अडचण येते जो डेटा जीपीयूवरच जन्माला आला त्याची. पेंटिंगचं ॲप, ज्यात ब्रशचा प्रत्येक फटकारा फ्रेमबफरमधे साठतोय. किंवा पार्टिकल सिम्युलेशन, ज्याचं प्रत्येक पाऊल आधीच्या टेक्स्चरवर उभं आहे. इथे मूळ माल जीपीयूवरच आहे आणि तो गेला म्हणजे गेला. सिम्युलेशन असेल तर शून्यापासून सुरू केलेलं चालतं बहुतेक वेळा. पण युजरचं दोन तासांचं चित्र? त्यासाठी एकतर फटकाऱ्यांची यादी जावास्क्रिप्टमधे ठेवा आणि परत वाजवा, अनडूसाठी ती लागतेच, किंवा अधूनमधून स्नॅपशॉट घ्या. वेबजीएल २ मधे रीडपिक्सेल्स थेट पिक्सेल पॅक बफरमधे वाचता येतं आणि फेन्सने (जीपीयूच्या कामांच्या रांगेत ठेवलेल्या खुणेने) काम झालंय का ते विचारता येतं, त्यामुळे युजरचा हात अडकत नाही. स्नॅपशॉट इंडेक्स्डडीबीमधे (ब्राउझरच्या आतला डेटाबेस) टाकला तर टॅबच क्रॅश झाला तरी वाचतो. मी दोन्ही एकत्र वापरतो, जुना स्नॅपशॉट आणि त्यानंतरचे फटकारे, नुसते फटकारे हजारात गेले की परत वाजवायला फार वेळ लागतो.

शेडर खोटा फेल होतो

हे जवळून बघण्यासारखं आहे. सगळ्यांच्या कोडमधे असतं, प्रोग्रॅम लिंक केला, गेटप्रोग्रॅमपॅरामीटरने लिंक स्टेटस विचारलं, ट्रू नाही आलं तर इन्फो लॉग छापून एक्सेप्शन फेकलं. आता इनिट चालू असतानाच कॉन्टेक्स्ट गेला तर ते फंक्शन नल परत देतं. नल म्हणजे तुमच्या इफला फॉल्ससारखंच, कोड म्हणतो लिंकिंग फेल, लॉग मागतो, लॉगमधे काहीच नाही. एरर ट्रॅकरमधे "शेडर एरर:" आणि पुढे रिकामं असं दिसलं तर तुमच्या शेडरला दोष देऊ नका. अट बदला, लिंक झालं नाही आणि कॉन्टेक्स्टही गेलेला नाही, तरच एक्सेप्शन. गेला असेल तर गप्प बाहेर पडा, रिस्टोअर्ड येईल तेव्हा सगळं परत होणारच आहे. फ्रेमबफरचं स्टेटस तपासतानाही असाच फसवा "सपोर्ट नाही" मिळतो. गेटएररने खात्री करायची तर कॉन्टेक्स्ट लॉस्टची एरर तिथे मिळते, पण एकदाच, दुसऱ्यांदा विचारलं की नो एरर.

यातलाच भाऊ म्हणजे उशिरा आलेली इमेज. फेच सुरू झाला, मधे कॉन्टेक्स्ट गेला, इमेज आली, कॉलबॅकने इमानदारीत टेक्स्चर चढवलं, ते हवेत गेलं, आणि कोडने "लोड झालं" असा टिक मारून टाकला. रिस्टोअर झाल्यावर तेवढं एक टेक्स्चर काळं. उपाय सोपा, दर रिस्टोअरला एक वाढवायचा असा नंबर ठेवा, फेच सुरू करताना तो नोंदवा, कॉलबॅकमधे जुळत नसेल तर जुन्या हँडलवर काही करू नका, डेटा ठेवा आणि नव्या टेक्स्चरवर चढवा.

रिस्टोअर्ड आलंच नाही तर

येईलच याची हमी नाही. जीपीयू वारंवार क्रॅश होत असेल तर क्रोम त्या साइटला वेबजीएल काही काळ देतही नाही. म्हणून लॉस्टमधे टायमर लावा, आठ-दहा सेकंद पुरे, पण पेज दिसत असतानाचाच वेळ मोजा, मोबाइलवर बॅकग्राउंडला असताना रिस्टोअर यायची अपेक्षाच नाही. वेळ संपली तर युजरला सांगा की ग्राफिक्स बंद पडलंय, तुमचं काम सेव्ह आहे, आणि रीलोडचं बटण द्या. स्वतःहून रीलोड करू नका, फॉर्म अर्धा भरलेला असेल तर शिव्या खाल. मेसेजमधे "कॉन्टेक्स्ट" हा शब्दही नको.

उलटी केसही असते, परत परत जातो. तुमचाच शेडर जीपीयू अडकवत असेल तर रिस्टोअर केलं, तोच सीन काढला, परत अडकला, परत गेला, हे चक्र थांबणार नाही. मोजत राहा, मिनिटभरात तिसऱ्यांदा गेला तर त्याच सेटिंगवर परत उठू नका, पिक्सेल रेशो १ वर आणा, शॅडो आणि पोस्ट प्रोसेसिंग बंद करा, तरी नाही जमलं तर स्थिर चित्र दाखवा.

टेस्ट कसं करायचं

वेबजीएल लूझ कॉन्टेक्स्ट नावाचं एक्स्टेन्शन यासाठीच आहे. ते आधीच मागून ठेवा, कॉन्टेक्स्ट गेल्यावर गेटएक्स्टेन्शन नल देतं. त्यावर लूझकॉन्टेक्स्ट आणि रिस्टोअरकॉन्टेक्स्ट ही दोन फंक्शन्स. दोन्ही एकापाठोपाठ लगेच बोलावली तर दुसऱ्याला इनव्हॅलिड ऑपरेशन मिळतं, कारण लॉस्टचा इव्हेंट अजून पोचलेलाच नसतो, मधे सेटटाइमआउट टाका. आणि रिस्टोअरकॉन्टेक्स्ट फक्त याच एक्स्टेन्शनने घालवलेल्याला परत आणतं, खरोखर गेलेला ते आणत नाही, त्यामुळे प्रॉडक्शनमधे रिकव्हरी म्हणून वापरायला जाऊ नका. डेव्हलपमेंट बिल्डमधे एका कीवर हे जोडून ठेवा आणि सीन लोड होत असताना, ड्रॅग करत असताना, टॅब मागे असताना, असं वाट्टेल तेव्हा दाबा. नीट लोड झालेल्या शांत सीनवर टेस्ट पास होतेच, त्याला अर्थ नाही. खऱ्यासारखं हवं असेल तर क्रोममधे ॲड्रेस बारमधे क्रोम कोलन दोन स्लॅश जीपीयूक्रॅश टाका, जीपीयूची प्रोसेसच पडते. बाकीचे टॅब सेव्ह करून मग.

याच एक्स्टेन्शनचा दुसरा उपयोग म्हणजे नको असलेला कॉन्टेक्स्ट लगेच सोडणं. कॅनव्हास डोममधून काढला तरी गार्बेज कलेक्शन होईपर्यंत तो त्या १६ मधे मोजला जातो. सोडायच्या आधी स्वतःचा लॉस्ट हँडलर काढून टाका, नाहीतर ॲप त्याला वाचवायला धावेल. रिॲक्टवाल्यांनी इथे सांभाळा, स्ट्रिक्ट मोडमधे डेव्हलपमेंटला इफेक्ट दोनदा चालतो पण कॅनव्हासचा नोड तोच राहतो, म्हणजे क्लीनअपमधे कॉन्टेक्स्ट घालवला की दुसऱ्या फेरीत गेटकॉन्टेक्स्ट तोच मेलेला परत देतं आणि स्क्रीन कोरी. कॅनव्हास इफेक्टच्या आत तयार करा आणि क्लीनअपमधे काढून टाका.

लायब्ररी, टूडी आणि वेबजीपीयू

थ्री जेएस प्रिव्हेंटडिफॉल्ट स्वतः करतं आणि परत आल्यावर जॉमेट्री, टेक्स्चर परत चढवतं, पण मूळ डेटा तुम्ही ठेवला असेल तरच. ऑनअपलोडमधे ॲरे नल करायची ट्रिक वापरली असेल तर ती जॉमेट्री परत येणार नाही. रेंडर टार्गेटमधलं (ज्या टेक्स्चरमधे सीन काढलेला असतो) चित्रही येत नाही, त्यामुळे सीनवरून बनवलेला एन्व्हायर्नमेंट मॅप (प्रतिबिंबासाठीचं आजूबाजूचं चित्र) परत बनवा, नाहीतर धातूच्या वस्तू काळ्या दिसतात. टेस्टसाठी रेंडररवर फोर्सकॉन्टेक्स्टलॉस आहेच. बॅबिलॉन जेएसही सांभाळतं, त्यासाठी मेमरीत जास्तीचा डेटा ठेवतं, आणि ते नको असेल तर इंजिनच्या ऑप्शनमधे डू नॉट हँडल कॉन्टेक्स्ट लॉस्ट ट्रू करता येतं.

साध्या टूडी कॅनव्हासलाही आता हे आहे, क्रोममधे ९९ पासून, इव्हेंटची नावं कॉन्टेक्स्टलॉस्ट आणि कॉन्टेक्स्टरिस्टोअर्ड. पण नियम बरोबर उलटा! टूडीमधे ब्राउझर आपणहून रिस्टोअर करतो, आणि प्रिव्हेंटडिफॉल्ट केलं तर करत नाही. वेबजीएलचा हँडलर जसाच्या तसा कॉपी केला तर तुम्हीच रिकव्हरी बंद केलीत.

वेबजीपीयू, म्हणजे वेबजीएलच्या पुढचं ग्राफिक्स एपीआय, जे क्रोममधे २०२३ ला ११३ पासून आलं, तिथे इव्हेंट नाही, डिव्हाइसवर (जीपीयूशी जोडणीचा ऑब्जेक्ट) लॉस्ट नावाचा प्रॉमिस असतो. तिथे रिस्टोअर हा प्रकारच नाही, गेलेला डिव्हाइस गेला, ॲडॅप्टरपासून (ज्याच्याकडून डिव्हाइस मिळतो तो ऑब्जेक्ट) सगळं नव्याने मागायचं, जुना ॲडॅप्टर ठेवून त्यालाच परत डिव्हाइस मागू नका. प्रॉमिस सुटल्यावर रीझन बघा, डिस्ट्रॉइड असेल तर तुम्हीच डिस्ट्रॉय बोलावलंय, काही करू नका, नाहीतर पेज बंद होतानाही ॲप नवीन डिव्हाइस मागत बसेल. आणि इनिटच्या रस्त्यात त्या प्रॉमिसवर अवेट लावू नका, डिव्हाइस ठीकठाक असेल तर तो सुटतच नाही आणि ॲप तिथेच उभं राहतं, देन लावून पुढे चला.